खोल म्हणायचं नाही

समाधानला उलटी गुलाट येत नव्हती. पण कोणी ‘येस का?’, म्हणजे येतं का, असं विचारलं की ‘येस’ म्हणून मोकळं व्हायची त्याची जुनी खोड. असंच एकदा ट्रॅक्टर चालवता येतो म्हणाला होता आणि हिलाल पाटलाचा ट्रॅक्टर नाल्यात घालून आला होता. तेव्हा नाला कोरडा होता म्हणून निभावलं.

या वेळी विचारणारा नवलभाऊ होता. दोंडाईच्याच्या रस्त्यावर त्यानं आपल्या सात एकरांत पोहायचा तलाव बांधला होता. निळ्या फरशीचा, घसरगुंडीवाला, एका टोकाला उंच चौथरा. उन्हाळ्यात धुळ्या-नंदुरबारची माणसं गाड्या भरभरून येतील असा त्याचा हिशेब. नुसतं पाणी बघायला कोण येणार, म्हणून दर रविवारी चौथऱ्यावरून कोणीतरी हवेत मागं कोलांटी घेत उलटी गुलाट मारावी, अशी त्याची हौस. समाधान तिथं सिमेंटच्या गोण्या उतरवायला गेला होता. मिरचीचा हंगाम संपलेला, बाजारात हमालांना बसून माश्या मारायची वेळ आलेली. नवलभाऊनं सहज विचारलं आणि यानं मान हलवली.

घरी येऊन त्यानं पागोटं खुंटीला अडकवलं, तांब्याभर पाणी प्यायला आणि बायकोला म्हणाला, “नवलभाऊले सांगी दिधं, उलटी गुलाट येस म्हनीसन.”

कोकिळा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. “आन् येस का तुमले?”

“सुलटी येस ना. उलटीबी ई जाई. पंधरा दिन शेतस.”

“कोन शिकाडी?”

समाधान चुलीकडं बघत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुले येस ना.”

आता तिचा हात थांबला. सोळा वर्षांत त्यानं या गोष्टीचं नाव काढलं नव्हतं. तिला वाटलं होतं तो विसरला. लग्नाच्या बोलणीत कोणीतरी मामानं सांगितलं होतं, पोरगी तापीकाठची, माशासारखी पोहते. त्यावर सासूनं, भिकुबाईनं, तोंड वाकडं केलं होतं, आणि तिथून पुढं ती गोष्ट घरात कोणी बोललं नाही. कोकिळानंही नाही. सासरची विहीर तिला पाणी शेंदण्यापुरतीच माहीत होती.

तिचा बाप लोटन विहिरींचा गाळ काढायचा. कोणाची बादली पडली, कोणाचा हंडा बुडाला, कोणाची मोटर अडकली की लोटनला बोलावणं यायचं. तळाशी कपारीत शिरायला बारकं अंग लागतं, म्हणून तो पोरीला घेऊन जायचा. कमरेला दोर बांधून सोडायचा. काम संपलं की दोर सोडून म्हणायचा, खेळ आता. गुलाट ती तिथं शिकली. गिरकीत डोळे फिरतात, वर काय आणि खाली काय हे कळत नाही, म्हणून बाप विहिरीच्या तोंडावर उकिडवा बसून तिच्या अंगाकडं बघत राही आणि नेमक्या घटकेला ओरडे, ‘खोल!’ म्हणजे गुडघे सोड, अंग उघड. ते ऐकलं की तिचे पाय आपोआप सरळ होत आणि ती काठी सोडावी तशी पाण्यात जाई. आणि एक होतं. लोटनच्या विहिरीवर कोणाची उडी चुकली तर हसायला बंदी होती. जो हसेल त्याला तो विहिरीवरून हाकलून देई.

“शिकाडसू,” ती म्हणाली. “पन नवलभाऊले सांगा, माले बी काम द्या.”

ते जमलं. तलावावर झाडलोट आणि बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीची राखण, असं काम तिला मिळालं. नवरा-बायको दोघंही या, नवलभाऊ म्हणाला होता.

पहिले चार दिवस त्यांनी जमिनीवर काढले. समाधाननं बाजारातून रिकामी बारदानं आणली, मिरचीची. गोठ्यामागं कडब्याच्या भुश्यावर ती अंथरली. बैलगाडीच्या धुऱ्यावर उभं राहून मागं उडायचं आणि भुश्यात पडायचं. तो पडे की बारदानातून लाल धूळ उठे. दोघांची नाकं गळायला लागत, डोळ्यांत पाणी येई. समाधानच्या उघड्या पाठीला ती धूळ घामात मिसळून चरचरे आणि तो आई-बहीण काढी.

“डोकं मांगे फेकू नका,” कोकिळा सांगे. “छाती वर जाऊ द्या. मंग गुडघा पोटले लावा. डोकं आपलंआप येस.”

“डोकं नही फेकं त आंग कसं फिरी?”

“फिरस. डोकं फेकं का पाठ पडस.”

तो पाठीवरच पडे. बेचाळीस वर्षांचं अंग, खांद्यावर पोती वाहून घट्ट झालेलं, कमरेत वाकायला तयार नाही. ती त्याच्या कमरेमागं हात लावून उभी राही आणि उडताना वर रेटी. घरात सोळा वर्षं काढली, पण इतका वेळ त्याच्या अंगाला हात लावून ती कधी उभी राहिली नव्हती. तिला ते आवडलं. तो वैतागला की ती हसे आणि तोही हसे.

पाचव्या दिवशी त्यांनी विहीर धरली. नदीकडच्या मळ्यातली, सोडून दिलेली, पण तीन पुरुष उंचीचं पाणी अजून टिकून होतं. दुपारी दीड-दोनला सगळं गाव दारं लावून पडलेलं असे. बाहेर रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. तीच वेळ त्यांनी नेमली.

“भर दुपारमा काटक्या येचाले कोन जास वं?” भिकुबाई ओसरीवरून विचारी.

“सांजले सरपन कमी पडस, आत्या,” कोकिळा म्हणे आणि दोर काखेत मारून निघे. येताना खरंच मोळी आणायला लागे, ते वेगळं.

विहिरीच्या काठावरचा, मोटेचं पाणी पडायच्या थारोळ्याचा दगड असा तापलेला असे की त्यावर पाय ठरत नसे. समाधान ओलं बारदान टाकून त्यावर उभा राही, पाठ पाण्याकडं करून. पहिल्या दिवशी तो अर्धा तास नुसता उभा राहिला. बापानं कोकिळाला शिकवलं होतं, की भ्यालेल्या माणसाला घाई करायची नाही.

तो उडाला, आणि पाठीवर आपटला. विहिरीत आवाज असा घुमला की कबुतरं उडाली. वर आला तेव्हा तोंडातून पाणी आणि शिव्या एकदमच निघत होत्या.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. त्याची पाठ मिरच्या वाळत घातल्यासारखी लाल झाली. चौथ्या दिवशी तो पायरीवर बसला आणि म्हणाला, “हाई व्हनारच नही. तू खोटं सांगस. डोकं न फेकता कोनलेच येत नही.”

कोकिळानं चारी बाजूंना पाहिलं. ऊन, बाभळी, लांबवर रिकामी नदी. तिनं पदर खोचला, काष्टा घातला, बारदानावर जाऊन पाठमोरी उभी राहिली. हे करायचं असं ठरवलं नव्हतं तिनं. पाय उभे राहिले म्हणून राहिले. तिनं हात वर घेतले आणि उडाली.

पाण्यात जाईस्तोवर तिनं तोंडातल्या तोंडात स्वतःलाच खोल म्हटलं. पाणी थंडगार होतं. ती खालपर्यंत गेली, गाळाला हात लावला आणि तिथंच दोन क्षण राहिली. तिला रडू आलं, पण पाण्यात रडता येत नाही, म्हणून ती वर आली. एवढा आनंद तिला पोरं झाली तेव्हाही झाला नव्हता, हे तिनं मागाहून स्वतःशी कबूल केलं.

समाधान तिच्याकडं बघत होता. तिला वाटलं आता काहीतरी चांगलं म्हणेल.

“हाई तुले आजूनबी येस?”

“आंग भुलस नही.”

तो थोडा वेळ दगडावरची माती नखानं खरवडत राहिला. मग म्हणाला, “कोनले सांगू नको. मायले त मुळीच नको.”

त्या दिवसानंतर त्याला जमायला लागलं. ती विहिरीच्या तोंडावर बापासारखी उकिडवी बसे, त्याच्या अंगावरची नजर हलू देत नसे, आणि घटका आली की ओरडे, “खोल!” समाधानचे गुडघे सुटत आणि तो सरळ पाण्यात जाई. तिच्या हाकेशिवाय एकदा करून पाहिलं, तर पुन्हा पाठीवरच. “हाक लागस माले,” तो म्हणाला. तिनं हसून मान हलवली. ती हाक तिची होती, आणि ती लागते असं कोणीतरी म्हणालं होतं.

पहिल्या रविवारी तलावाला जत्रेसारखी गर्दी. गाण्यांचा धडधडाट, वडापावाचा वास, क्लोरिनचा वास, पाण्यात बनियन घालून उभे राहिलेले बापे आणि ओढण्या गुंडाळून काठाशी बसलेल्या बाया. समाधानला नवलभाऊनं पिवळी चड्डी आणि पिवळी बंडी दिली होती, पाठीवर तलावाचं नाव. तो चौथऱ्यावर चढला. नवलभाऊचा पुतण्या पिंटू मोबाइल घेऊन खाली उभा राहिला. गाणं बंद झालं.

कोकिळा खोलीच्या कोपऱ्याशी झाडू घेऊन उभी होती. समाधाननं पाठ वळवताना एकदा तिच्याकडं पाहिलं. तो उडाला. तिनं झाडू छातीशी धरला आणि विहिरीवर देई तशीच भरदार हाक दिली, “खोल!”

तो सरळ गेला. थेंबभर पाणी उडालं असेल नसेल. माणसं टाळ्या पिटायला लागली. एक जाडसर गृहस्थ त्याला पाण्यातून वर ओढत म्हणाले, “वा रे पठ्ठ्या! उस्ताद कोण तुझा?”

“कोनीच नही,” समाधान म्हणाला. तोंडावरचं पाणी पुसत हसत होता. “आंगमाच शे ते.”

कोकिळा तीन हातांवर होती. तिनं ते ऐकलं आणि तिला वाटलं, चार लोकांत बोलून गेला, घरी गेल्यावर म्हणेल काहीतरी. एवढ्यात नवलभाऊ आला. त्याच्या कपाळाला आठी होती.

“समाधान, ती बाई कोण ओरडली?”

“का भाऊ?”

“अरे, खोल म्हणून ओरडली! पलीकडच्या चार बायांनी लेकरं पाण्याबाहेर काढली. बोर्डावर आपण पाच फूट लिहिलंय. चौथऱ्याखाली नऊ आहे, ते काय माईकवरून सांगायचंय का? कोण आहे ती?”

समाधाननं कोकिळाकडं पाहिलं नाही. “मनी बायकोच व्हती भाऊ. तिले पानीनं भ्याव वाटस. पानी देखं का वरडस.”

नवलभाऊ हसला. “मग पाण्यावर कशाला आणलीस रे?” आणि जाता जाता वळून म्हणाला, “बरं आठवलं. बायकांची सकाळची बॅच काढतोय, फक्त बायका. शिकवायला बाईच हवी. पोहता येणारी कोणी आहे का तुमच्याकडं?”

कोकिळाचा झाडू हातातच राहिला. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. बोल, ती मनात म्हणाली. आता तरी बोल.

“आमना गावमा बायासले पोहता कुठे येस भाऊ,” समाधान म्हणाला.

घरी जाताना सायकलच्या कॅरिअरवर बसून ती त्याच्या पाठीवरचं तलावाचं नाव बघत राहिली. गावाबाहेरच्या वळणावर म्हणाली, “माले पानीनं भ्याव वाटस?”

“मंग काय सांगू? बायकोनी शिकाडं सांगू? बठ्ठं दोंडाईचं माले हासी.”

“बाया शिकाडाले बाई पाहिजे व्हती त्यासले.”

“आन् तू उतरशी पानीमा? मायले काय सांगशी? गावले काय सांगशी?”

“बायाच राहतीन ना तठे.”

“ते तुना बापनं घर व्हतं. हाई मनं घर शे.” तो जोरात पॅडल मारायला लागला. “आन् आतेपाईन ते खोल म्हनानं नही. भाऊनी सांगेल शे.”

“मंग गुलाट कसी मारशात?”

“आते माले ई गयी. हाकनं काय काम?”

आठवडाभर ती सकाळी तलाव झाडून काढी. बुधवारी धुळ्याहून नूतन नावाची मुलगी आली, बावीस-तेवीसची, काळा पोहण्याचा पोशाख, गळ्यात शिट्टी. बोलायला चांगली होती बिचारी. पण तिच्या बॅचमधल्या बायका काठाचा दांडा धरून नुसते पाय झाडत होत्या, आणि एकीच्या नाकात पाणी गेलं तर ही स्वतःच घाबरली. कोकिळानं सगळं कपडे बदलायच्या खोलीच्या दारातून पाहिलं. त्या बाईची हनुवटी खालून उचलून धरायला हवी, बोटभर, बस. तिचे हात शिवशिवले. नूतन बाहेर येऊन म्हणाली, “मावशी, टॉवेल द्या ना.” कोकिळानं टॉवेल दिला.

“तुम्ही का नाही शिकत, मावशी?” नूतननं डोकं पुसत विचारलं.

“भ्याव वाटस,” कोकिळा म्हणाली. शब्द तोंडात कडू झाला.

दुसरा रविवार आला. पहिल्यापेक्षा दुप्पट माणसं. ऊन असं की चौथऱ्यावर अनवाणी उभं राहवत नव्हतं. समाधान वर चढला, पाठ फिरवली, आणि थांबला. त्यानं मान वळवून तिला शोधलं. ती दिसली तिथं त्याचे डोळे थांबले. ती नजर तिनं विहिरीवर रोज पाहिली होती. ती हाक मागत होती.

तिच्या जिभेवर शब्द आलाही होता. मग तिला आठवलं, खोल म्हणायचं नाही. भाऊनं सांगितलंय, नवऱ्यानं सांगितलंय. ती खाली वाकली आणि वेफर्सचं एक रिकामं पाकीट उचलायला लागली. ते ओल्या फरशीला चिकटलं होतं, लवकर निघेना.

आवाज आला तो तिनं न बघता ओळखला. पाठ. सपाट, पूर्ण पाठ. मग माणसं हसली. लेकरं, बाया, बनियनवाले बापे, सगळे. खदाखदा, पोट धरून. समाधान वर आला तेव्हा त्याचं तोंड उघडंच होतं, श्वास आत जात नव्हता, आणि त्याच्या त्या तोंडाला बघून लोक आणखी हसले. पिंटूचा मोबाइल त्याच्या तोंडासमोरच होता.

ती धावली नाही. पाकीट हातात धरून उभी राहिली. तिला बाप आठवला आणि स्वतःची शरम वाटली, आणि शरमेखाली थोडंसं बरंही वाटलं, आणि त्याचीच तिला जास्त शरम वाटली.

संध्याकाळी तिनं वीट तापवून फडक्यात गुंडाळली. समाधान ओसरीवर पालथा पडला होता. पाठीवर जांभळं चढलं होतं. भिकुबाई बडबडत होती, की पोराला नजर लागली.

“पुढला रईवारले मी हाक देसू,” कोकिळा म्हणाली. खूप वेळ गिळून ठेवलं होतं, ते तिनं बोलून टाकलं. “भाऊ काय म्हनाना ते म्हनू द्या.”

समाधाननं मान दुसरीकडं फिरवली.

सोमवारी सकाळी नवलभाऊ स्वतः गाडी घेऊन दारात आला. कोकिळाला वाटलं, काम गेलं. तिनं घाईनं बाज झटकली. पण नवलभाऊ हसत होता. त्यानं मोबाइल समाधानपुढं धरला. “बघ! कालपासून लाखाच्या वर लोकांनी पाहिलं. पुण्याचे लोक फोन करताहेत, तो पडणारा माणूस कुठल्या तलावावर आहे म्हणून. ती गुलाटबिलाट सोड तू. आता दर रविवारी तसंच पडायचं. तोंडही तसंच करायचं. दिवसातून तीन वेळा.”

“तीन वेळा?” समाधान म्हणाला.

“का? येत नाही का?”

समाधाननं दारातल्या मायकडं पाहिलं. मग जमिनीकडं पाहिलं.

“येस,” तो म्हणाला.

पुढचे पाच रविवार तो पडला. तीन-तीन वेळा. पिवळ्या बंडीऐवजी त्याला आता लाल टोपी आणि मिशा मिळाल्या. लोक आधीपासून हसायला सुरुवात करत. कोकिळा झाडत राही. हाकेचं आता कोणालाच काम नव्हतं. घरी आली की वीट तापवी, हळद लावी, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे फिरवी. कधी कधी लघवीला लाल होते, असं तो म्हणाला. डॉक्टरकडं जा म्हटलं तर हंगाम संपू दे म्हणाला.

त्यापुढच्या रविवारी संध्याकाळी भिकुबाई जवळच कांदे निवडत बसली होती. समाधान पालथा पडूनच बोलला. मायसमोर बोलला, हे कोकिळाच्या ध्यानात आलं, आणि ते आता कशाच्याही कामाचं नव्हतं, हेही ध्यानात आलं.

“कोकिळा, गुलाट तूच शिकाडी ना माले. आते पडानं कसं तेबी शिकाड. लागाले नको असं.”

भिकुबाईचा हात कांद्यावर थांबला. तिनं सुनेकडं पाहिलं.

कोकिळानं वीट दुसऱ्या बाजूला ठेवली. दाबली नाही, नुसती ठेवली.

“मना बापनी पडानं शिकाडं नही,” ती म्हणाली.